निळ्या बोटीचा पहिल्या नंबरचा प्रवासी

धक्क्यासमोरच्या गल्लीत टेलर मास्तरांचं दुकान होतं आणि दुकानाच्या दारातून समोर नुसतं पाणी दिसायचं. म्हणून मास्तरांनी शिवणयंत्र उलटं लावलं होतं. पाठ पाण्याकडे, तोंड भिंतीकडे. गिऱ्हाईक विचारायचं, "मास्तर, एवढा मोकळा देखावा सोडून भिंतीकडे काय बघत बसता?" मास्तर म्हणायचे, "उजेड पाठीमागून आला की टाका नीट दिसतो." हे ते इतक्या ठामपणे सांगायचे की मागच्या रस्त्यावरच्या शिवणक्लासनेही आपली सगळी यंत्रं उलटी फिरवून घेतली.

खरं कारण एवढंच की मास्तर पाण्याला भीत होते. भीतीचं कारण मात्र ते दर माणसाला वेगळं सांगत. सलूनवाल्याला त्यांनी सांगितलं होतं की लहानपणी बुडता बुडता वाचलो. चष्मेवाल्याला सांगितलं होतं की कानाच्या डॉक्टरांनी बोटीची मनाई केली आहे. एका नवख्या पोस्टमनला तर त्यांनी बुडालेल्या चुलतभावाची गोष्ट ऐकवली होती, आणि मास्तरांना चुलतभाऊच नव्हता. वास्तविक कधी काहीच झालेलं नव्हतं. बोटीच्या फळीवर पाय ठेवायचा म्हटलं की पाऊल पुढे पडायचंच नाही, बस्स. पण साठीला टेकलेल्या माणसाने 'भीती वाटते' असं तोंडाने म्हणायचं कसं? त्यापेक्षा चुलतभाऊ बुडवलेला परवडला.

हे सगळं खपूनही गेलं असतं, पण मास्तरांची एकुलती एक लेक दिली होती पलीकडे, बेटावर. पूल बांधायची चर्चा मास्तरांच्या स्वतःच्या लग्नाआधीपासून चालू होती; चर्चा पूर्ण झाली की पूल होणार होता. तोवर जायचं म्हणजे बोटीनेच. लेकीचं लग्न मास्तरांनी हट्टाने अलीकडच्या काठावर लावलं. ती दर रविवारी बोटीने यायची, दुकानातल्या स्टुलावर बसून चहा प्यायची, बापाच्या यंत्रातली गुंतलेली बॉबिन सोडवून द्यायची आणि संध्याकाळी जायची. तिचा संसार कसा आहे, खिडकीला पडदे कुठल्या रंगाचे आहेत, हे मास्तरांना फक्त ऐकून माहीत होतं. पडदे त्यांनीच शिवले होते, पण लागलेले पाहिले नव्हते.

मग लेकीला दिवस गेले आणि डॉक्टरांनी तिला बोट बंद केली. रविवार रिकामे झाले. शेवटचा महिना लागला तशी मास्तरांची बायको पिशवी भरून तिकडे गेली, ती अशी बोटीत चढली की जणू शेजारच्या खोलीत चालली आहे. मास्तर एकटे राहिले. फोन रोज व्हायचा.

"बाबा, जेवलात का?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

"असं तपशिलात काय शिरतेस?"

आणि एके दिवशी लेक म्हणाली, "बाबा, एक सांगू? तुम्ही येण्याचा विचार करून जीव जाळू नका. तुम्हाला जमत नाही हे मला ठाऊक आहे. बाळ जरा मोठं झालं की मीच घेऊन येईन."

ती रागाने म्हणाली असती तर मास्तरांनी तिला चुलतभाऊ तरी ऐकवला असता. ती समजुतीने म्हणाली. लेकीने आपल्याकडून काही अपेक्षाच ठेवलेली नाही, हे मास्तरांना फार लागलं. त्या दिवशी त्यांनी एका पँटचे दोन्ही पाय एकाच बाजूचे कापले.

आता बोटींविषयी. पलीकडे दोन कंपन्यांच्या बोटी जायच्या, एक निळी आणि एक पिवळी. तेच पाणी, तेवढंच अंतर, भाडंही सारखं. बाकंसुद्धा एकाच सुताराने केलेली. निळीचे मालक जुन्या वळणाचे होते. त्यांचं म्हणणं, बोट वेळेवर सोडा, बाक पुसून ठेवा, माणूस आपोआप येतो. पण वर्षभरापूर्वी त्यांचा पुतण्या शहरात शिकून आला आणि 'निष्ठा' हा शब्द घेऊन आला. त्याने निळं कार्ड काढलं. दर फेरीला एक भोक पाडायचं, नऊ भोकं झाली की दहावी फेरी फुकट.

"माणूस एकदा कार्डाला बांधला गेला ना काका, की दुसऱ्याच्या बोटीकडे ढुंकूनही बघणार नाही," पुतण्या म्हणाला.

"माणूस कार्डाला बांधला जात असता," काका म्हणाले, "तर लोकांनी लग्नातसुद्धा तेच वाटलं असतं."

पण पुतण्याचा उत्साह दांडगा. तो गल्लीतल्या दुकानादुकानांत फिरून कार्डं देत सुटला. मास्तरांच्या दुकानात तो स्वतःच्या पँटची कंबर ढिली करायला आला होता. आता पँट काढून, टॉवेल गुंडाळून उभ्या असलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार? मास्तरांनी नाव लिहून दिलं, सही केली आणि कार्ड कात्रीशेजारच्या खिळ्याला अडकवलं.

तिथून ते पहिल्यांदा सलूनवाल्याने उतरवलं. "मास्तर, तुमचं हे पडूनच आहे ना? माझं घरी राहिलंय. वापरतो, संध्याकाळी आणून देतो." दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्याने नेलं. त्याला बेटावर आठवड्यातून दोनदा डोळे तपासायला जावं लागे. मग शाळेच्या बाईंनी. त्यांची शाळा पलीकडे, रोजचं जाणं. हळूहळू असं झालं की गल्लीतला कुणीही निघाला की वाटेत मास्तरांच्या खिळ्यावरून कार्ड उचलायचा आणि परत आला की अडकवायचा. स्वतःची कार्डं सगळ्यांनी घरी कपाटात ठेवून दिली. कारण साधं होतं. बहुतेकांची एकट्याची नऊ भोकं व्हायला महिने लागायचे, सगळ्यांची मिळून आठवडाही लागत नव्हता. दहावी फेरी कुणाची यावरून मात्र भांडणं होत आणि निवाडा मास्तर करत.

"गेल्या वेळची फुकट फेरी चष्मेवाल्यांनी मारली," बाई म्हणायच्या.

"मारली म्हणजे? माझी पाळीच होती!"

"मास्तर, तुम्हीच सांगा."

मास्तर टेप गळ्यात टाकून न्यायाधीशासारखे बसत. स्वतः कधी न चढलेल्या बोटीच्या फेऱ्या वाटून देण्यात त्यांना एक विलक्षण समाधान मिळायचं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

आणि निष्ठेचं म्हणाल, तर पिवळीनेही महिन्याभरात कार्ड काढलं. त्यावर फुकट फेरी नव्हती, पण बोटीत चहा मिळायचा. गल्लीने तेही घेतलं, तेही एकच, ते सलूनमध्ये आरशाच्या कोपऱ्यात खोचलेलं असायचं. धक्क्यावर जी बोट आधी येईल तिच्या रंगाचं कार्ड खिशातून निघायचं. चहाची तलफ असली तर पिवळी, नसली तर निळी. दोन्ही डगरींवर हात ठेवायला आमच्या माणसांना कुणी शिकवावं लागत नाही.

कार्डाला वर्ष झालं, तेव्हा लेकीचा शेवटचा महिना चालू होता. एके सकाळी मास्तर एका गिऱ्हाइकाच्या अंगावर कोट चढवून खांद्याजवळच्या मुंढ्याला टाचण्या लावत होते. चार टाचण्या ओठांत धरलेल्या. तेवढ्यात पुतण्या धावत आला.

"मास्तर, अभिनंदन! वर्षभराचा हिशेब निघाला. आमचे सर्वांत निष्ठावान प्रवासी कोण, माहीत आहे? तुम्ही! दुसऱ्या नंबरचा तुमच्या निम्म्यालाही नाही!"

मास्तरांनी मान जोरजोरात हलवली. "म्म्म! म्म्म्म!"

"असा विनय हवा," पुतण्या गहिवरून म्हणाला. "रविवारी सकाळी धक्क्यावर सत्कार करतोय तुमचा. येणार ना?"

"म्म्म! म्म्म!"

"वा! मला खात्री होतीच."

लोक मूग गिळून गप्प बसतात. मास्तर टाचण्या धरून गप्प बसले. एखादी बोलताना घशात गेली असती म्हणून त्यांनी त्या एकेक करून टाचण्यांच्या उशीत खोचल्या, आणि शेवटची खोचून तोंड मोकळं होईपर्यंत पुतण्या रस्त्याच्या टोकाला पोचला होता. जाता जाता त्याने वळून ओरडून सांगितलं, "आणि मास्तर, एक निळा सॅटिनचा पट्टा शिवून द्या, छातीवर आडवा घालायचा. तुमच्याच मापाचा!"

म्हणजे स्वतःच्या सत्काराचा पट्टासुद्धा स्वतःच शिवायचा. भीक नको पण कुत्रं आवर, अशी मास्तरांची गत झाली.

संध्याकाळी दुकानात गल्लीची सभा भरली.

"मी जाऊन खरं काय ते सांगतो," मास्तर म्हणाले.

"आणि आम्हाला सगळ्यांना उघडं पाडता?" सलूनवाला म्हणाला. "कार्ड तुमचं, पण भोकं आमची आहेत मास्तर."

"शिवाय निळीच्या तिकीटखिडकीवरच्या बाईंचं काय?" चष्मेवाला म्हणाला. "रोज वेगळं तोंड बघून त्या तेच कार्ड टोचत होत्या. त्यांची बोलणी खायची पाळी येईल."

"अहो, पण मी आयुष्यात बोटीत चढलेलो नाही!"

"म्हणूनच तर तुमच्यावर कुणाचा संशय येणार नाही," शाळेच्या बाई म्हणाल्या. "तुम्ही चढलाच नाहीत, तर चढला नाहीत असं बघणार कोण? धक्क्यावर उभं राहायचं, पट्टा घालून घ्यायचा, फोटो काढायचा, घरी यायचं. धक्का काही हलत नाही."

धक्का हलत नाही हे मास्तरांना पटलं. तरी त्यांच्या मनात एक बोचत राहिलंच. पलीकडे लेक दिवस मोजत पडली आहे, आपण तिच्याकडे जाऊ शकत नाही, आणि आपला सत्कार कशाबद्दल, तर सारखं पलीकडे गेल्याबद्दल. फोनवर त्यांनी तिला यातलं काही सांगितलं नाही. लाज वाटली.

रविवारी धक्क्यावर निळ्या पताका लागल्या. बाकड्यांवर गल्ली अगदी इस्त्री करून बसली होती. शाळेच्या बाई शेवटच्या रांगेत, घड्याळाकडे बघत. रविवार असूनही शाळेत स्नेहसंमेलनाची तालीम होती आणि मुलं दहाला यायची होती. मालकांनी मास्तरांच्या अंगावर पट्टा घातला. सॅटिनवर रंगाऱ्याने 'सर्वांत निष्ठावान प्रवासी' असं लिहिलं होतं आणि शेवटी जागा न पुरल्यामुळे 'प्रवासी' खाली उतरत खिशापर्यंत आला होता. मास्तर पट्ट्याची तुरपाई अंगठ्याने चाचपत उभे राहिले. तुरपाई चांगली होती, तेवढाच आधार.

पुतण्याने माइक घेतला. निष्ठा म्हणजे काय, ग्राहक म्हणजे काय, नातं म्हणजे काय, हे सगळं झाल्यावर तो म्हणाला, "आणि आता एक आनंदाची बातमी! काकांच्या भाषणानंतर मास्तर आपल्या लाडक्या बोटीतून मानाची फेरी करतील. पुढच्या बाकावर, पाण्याच्या अगदी जवळ!"

टाळ्या पडल्या. मास्तरांनी शाळेच्या बाईंकडे पाहिलं, तर बाईंची जागा रिकामी. सलूनवाला बुटाची नाडी बांधायला वाकला. चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसायला घेतला, म्हणजे त्याला काही दिसत नाही हे सिद्ध झालं. मालक भाषणाला उठले आणि त्यांनी आजोबांपासून सुरुवात केली. आजोबांनी पहिली होडी कशी विकत घेतली इथपर्यंत ते आले असतील, तेव्हा मास्तरांचा खिसा थरथरला.

बायकोचा फोन होता.

"अहो, ऐकताय का? पोरीला कळा सुरू झाल्या पहाटेपासून. दवाखान्यात आणलंय. डॉक्टर म्हणतात, वेळ लागतोय, बाळ जरा आडवं आहे. कदाचित ऑपरेशन करतील. तुम्ही घाबरू नका."

"ती कशी आहे?"

बायको म्हणाली, "घाबरली आहे हो. आता विचारत होती, 'बाबा दुकान उघडून बसले असतील ना?' मी म्हटलं, हो."

फोन बंद झाला. मालक आजोबांच्या दुसऱ्या होडीवर आले होते. निळी बोट पताकांनी जखडून धक्क्याला उभी, चालक टोपी काढून भाषण ऐकत बसलेला. शेजारच्या धक्क्यावर एक भोंगा वाजला.

मास्तरांनी पुढे काय केलं हे गल्लीत अजून तीन-चार तऱ्हांनी सांगतात. कुणी म्हणतं ते धावले, कुणी म्हणतं त्यांनी बाकडं ओलांडून उडी मारली. मास्तर स्वतः सांगतात की त्यांना काही आठवत नाही, आणि या एका बाबतीत ते खरं बोलतात. एवढं नक्की की बोटीची फळी उचलत होते तेव्हा तिच्यावर एक पाऊल पडलं, निळा पट्टा वाऱ्यावर फडफडला आणि पाठीमागून पुतण्याचा आवाज माइकमधून सगळ्या बंदरभर घुमला, "मास्तर! अहो मास्तर! ती आपली नव्हे!"

मालकांनी भाषण थांबवलं. पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, आणि माइक चालूच असल्यामुळे सगळ्यांनी ऐकलं, "चालला बघ तुझा पहिला नंबर." मग ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

बोटीत मास्तर पहिलं बाक दिसलं त्यावर बसले आणि डोळे घट्ट मिटून दोन्ही हातांनी बाकाची कड धरली. खालून इंजिन धडधडत होतं. जमीन नावाची गोष्ट आता कुठेच नव्हती. डोक्यात एकच विचार की आपण बुडणार, आणि लेकीला कळणारसुद्धा नाही की आपण निघालो होतो.

"मास्तर?"

त्यांनी एक डोळा उघडला. समोर शाळेच्या बाई बसल्या होत्या. हातात चहाचा कागदी पेला.

"बाई? तुम्ही इथे कशा?"

"पुतण्याने माइक धरला तेव्हाच मी ओळखलं की ही बोट दुपारशिवाय सुटत नाही. माझी मुलं तिकडे शाळेच्या दारात उभी राहतील. पण तुम्ही?"

मास्तरांनी कसंबसं सांगितलं. बाईंनी ऐकलं. मास्तरांचा पांढराफटक चेहरा पाहिला, बाकाची कड धरलेले हात पाहिले. त्या बाई मोठ्या हुशार. धीर धरा, काही होत नाही, असलं त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यांनी पेला खाली ठेवला आणि डावा हात पुढे केला.

"मास्तर, हा कोट बघा बरं. हात वर केला की इथे ओढतो. काय चुकलंय?"

मास्तरांनी सवयीने दुसराही डोळा उघडला. सवयीनेच एक हात बाकावरून सुटला आणि बाहीवर गेला. त्यांनी शिवण चाचपली. मुंढा पाहिला. अस्तर उलटून पाहिलं. मग दुसराही हात सुटला आणि गळ्यातला टेप पट्ट्याखालून ओढून त्यांनी खांदा मोजला.

"मुंढा खोल कापलाय. आणि बाही बसवताना चूण मागे घ्यायची ती पुढे घेतलीय," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. "बाई, हे काम माझं नाही."

"नाही ना," बाई म्हणाल्या.

"मग कुणाचं?"

"बेटावरच्या टेलरचं. शाळेच्या कोपऱ्यावर दुकान आहे त्याचं."

"तुम्ही त्याच्याकडे कोट टाकलात?" मास्तर सरळ उठून उभे राहिले. बोट एका बाजूला कलली, तसा त्यांनी वरच्या दांडीला हात घातला. पण कलली हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही. "इतकी वर्षं! तुमच्या कॉलेजच्या गणवेशापासून तुमचं माप माझ्याकडे आहे. दर दिवाणखान्याचा पडदा, दर उशीचा अभ्रा माझ्या हातचा! आणि कोट त्या माणसाकडे? ज्याला चूण कुठे घ्यायची कळत नाही?"

"तुम्ही आठ दिवसांनी देतो म्हणालात. मला थंडी तेव्हाच वाजत होती."

"थांबायचं ना!"

"मास्तर," बाई म्हणाल्या, "मग तुम्ही निळीसाठी का नाही थांबलात?"

मास्तरांनी आजूबाजूला पाहिलं. बाकं पिवळी होती. खांब पिवळे होते. तिकीटवाला पिवळी टोपी घालून समोर उभा होता आणि त्यांच्या छातीवरचा निळा पट्टा, ओठ हलवत, 'प्रवासी'पर्यंत वाचून काढत होता.

"कार्ड आहे का तुमच्याकडे?" त्याने विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले. "साधं तिकीट द्या."

बाईंना हसू आवरेना. मग मास्तरांनाही थोडं हसू आलं, रडू येण्याच्या बेतातलं. ते खाली बसले. पाणी दोन्ही बाजूंना होतं, हिरवट, आणि त्यावर ऊन पडलेलं. ते बघून त्यांना भीती वाटली. बघितलं नाही तरी वाटली, म्हणून त्यांनी मग बघितलंच. "बाई, तो कोट काढून द्या," ते म्हणाले. "चूण उसवून ठेवतो, आता सुई नाही जवळ, पण उसवता येईल." पलीकडचा धक्का येईपर्यंत ते मान खाली घालून दुसऱ्याचे टाके नखाने उसवत राहिले, आणि त्या टेलरविषयी ते जे काही बोलले ते बाईंनी कुणालाही सांगितलेलं नाही.

दवाखाना धक्क्यापासून जवळच होता. मास्तर आत शिरले तेव्हा लांबलचक ओसरीच्या टोकाला बायको उभी होती. तिने त्यांना पाहिलं आणि हातातली पाण्याची बाटली जावयाच्या पायावर सोडली.

"अहो! तुम्ही? आणि हे अंगावर काय?"

"नंतर सांगतो. कुठे आहे?"

ढकलगाडी खोलीतून बाहेर येत होती. डॉक्टरांनी ऑपरेशनचं ठरवलं होतं. लेक आडवी पडलेली, केस घामाने कपाळाला चिकटलेले, डोळे छताकडे. मास्तर तिच्या शेजारून चालू लागले. नर्स म्हणाली, इथून पुढे येता येणार नाही. लेकीने मान वळवली आणि त्यांच्याकडे असं बघितलं, जणू चुकीच्या ठिकाणी कुणी ओळखीचं भेटावं.

"बाबा, कसे आलात?"

"बोटीनं."

"तुम्हाला भीती नाही वाटली?"

मास्तरांजवळ अशा प्रश्नाला कितीतरी उत्तरं होती, वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवलेली.

"वाटली," ते म्हणाले. "फार वाटली. चढताना वाटली, उतरेपर्यंत वाटत होती. अजून पाय कापताहेत, बघ."

लेकीने हात बाहेर काढला आणि त्यांचा हात धरला.

"मलाही वाटतेय, बाबा," ती म्हणाली.

"माहीत आहे मला," मास्तर म्हणाले. "म्हणून तर आलो."